विसरतंय, सुचत नाही, लक्ष लागत नाही: दोष हार्मोन्सचा का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा सूर एकच होता: डोकं जड वाटतं, शब्द आठवत नाहीत, वाचलेलं टिकत नाही, आणि कुणीतरी सांगितलंय की ‘हार्मोन्स बिघडलेत’. हार्मोन्समुळे मेंदूचं काम मंदावतं हे खरं आहे. पण त्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि प्रत्येक वाट तपासून पाहता येते. म्हणून सरसकट सल्ला न देता एकेका पत्राला उत्तर दिलं आहे. औषधांचे डोस समजण्यासाठी दिले आहेत, स्वतःहून बदलण्यासाठी नाहीत.

प्रश्न: माझं वय ३८, शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. तरी टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) ७.८ आला. वर्गात शिकवताना मधेच वाक्य तुटतं, वह्या तपासायला दुप्पट वेळ लागतो. गोळी सकाळी चहाबरोबर घेते, नाश्त्यानंतर लोह आणि कॅल्शियम. डोस वाढवावा लागेल का? (सांगली)

कदाचित लागेल, पण आधी तुमची सकाळ बदलून बघा. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचूनच अर्धं उत्तर मिळालं.

लेव्होथायरॉक्सिन ही तुमची थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, काहीही नाही. चहा नाही, कॉफी नाही, बिस्किटही नाही. दुधाच्या चहातलं कॅल्शियम आणि कॉफी, दोन्ही आतड्यात हे औषध शोषलं जाऊ देत नाहीत. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर त्याला आतड्यातच बांधून टाकतात, म्हणून त्यांच्यात किमान चार तासांचं अंतर लागतं. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, असं बसवलं की गुंता सुटतो. लोह आणि कॅल्शियमसुद्धा एकत्र घेऊ नका, ती दोघं एकमेकांच्या आड येतात. ॲसिडिटीसाठी रोज पँटोप्राझोल किंवा तत्सम गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पोटातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन कमी शोषलं जातं.

सकाळी शाळेची घाई असेल आणि तासभर थांबणं जमतच नसेल, तर रात्री झोपताना घ्या. मात्र जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. रात्री साडेनऊला जेवून दहाला गोळी, असं केलं तर काहीच साधलं नाही.

बाटलीकडेही बघा. शंभर गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर ठेवलेली असते आणि पावसाळ्यात तिच्यात दमट हवा शिरते. या गोळीला उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींचं वावडं आहे. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा. आठवड्याच्या डबीत भरायच्या असतील तर एका आठवड्यापुरत्याच भरा.

मग तपासणी. हे औषध रक्तातून निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे सवय बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांनी रक्त दिलं तर जुन्या आणि नव्या सवयींची सरमिसळ मोजली जाईल. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं थायरॉइडचं हार्मोन) करा. रक्त सकाळी द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, नाहीतर फ्री टी-४ काही तास उगाच वर दिसतो. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. म्हणून एकदा सकाळी सातला आणि पुढच्या वेळी दुपारी दोनला रक्त दिलं, तर त्या दोन आकड्यांची तुलना करू नका.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. अनेक प्रयोगशाळांतल्या चाचण्यांची रसायनंच बायोटिनवर आधारलेली असतात. त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, आणि थायरॉइड कमी असलेल्या बाईला ‘थायरॉइड वाढलाय’ असं सांगितलं जातं.

हे सगळं करूनही टीएसएच चारच्या वर राहिला तर डोस वाढेल. ग्रंथी जवळजवळ निकामी झालेली असेल तर तरुण प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला सुमारे शंभर. ग्रंथीचं काम थोडं शिल्लक असेल तर कमीत भागतं. ‘डोकं चालत नाही’ म्हणून आपल्याच मनाने पाऊण गोळी वाढवणं मात्र टाळा. टीएसएच ०.१च्या खाली गेला की धडधड, हातांना कंप, तुटक झोप आणि चिडचिड सुरू होते. तशा अवस्थेत एका जागी बसून वह्या तपासणं आणखीच कठीण.

आकडे जागेवर आल्यावरही डोक्यातलं धुकं राहिलं तर? थोड्या लोकांमध्ये राहतं. अशा वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि झोप बघायची. तुम्ही लोह घेता म्हणजे कधीतरी कमी निघालं असणार. तेही चहाबरोबर घेत असाल तर तेही वाया जातं आहे.

प्रश्न: वडील ७८ वर्षांचे. नावं विसरतात. टीएसएच ६.२ निघाला, टी-४ नॉर्मल. गोळी सुरू केली तर स्मरणशक्ती सुधारेल? (नाशिक)

बहुधा नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतो. सत्तरी ओलांडलेल्यांत सहाचा आकडा एकट्याने आजार ठरत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत ६५च्या पुढच्या, अगदी अशाच अहवालाच्या लोकांना निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी दिली होती. वर्षभराने थकवा आणि इतर तक्रारींत फरक दिसला नाही. उलट या वयात डोस जरा जास्त झाला तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो. टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. दहाच्या वर गेला तर प्रश्न वेगळा.

त्याऐवजी चार गोष्टी आधी बघा: बी-१२, रक्तातलं सोडियम (रक्तदाबासाठीच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीने ते उतरतं), कान, आणि औषधांची पिशवी. ती पिशवी तशीच्या तशी डॉक्टरांसमोर उलटी करा. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या या वयस्कर माणसाला गोंधळात टाकतात. आणि ऐकू कमी येणाऱ्याला नाव ‘विसरलं’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा ते नीट ऐकूच आलेलं नसतं. नावांबरोबर पैशांचे व्यवहार, घरचा रस्ता, गॅस बंद करणं हेही चुकू लागलं असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जायला उशीर करू नका.

प्रश्न: वय ४८, बँकेत अधिकारी. वर्षभर पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांत. रात्री घामाने जाग येते. ग्राहकासमोर साधा शब्द सुचत नाही, ‘ते हे’ म्हणून वेळ मारून नेते. आईला स्मृतिभ्रंश होता, म्हणून धास्ती वाटते. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर डोकं परत चालेल का? (ठाणे)

आधी धास्तीबद्दल. शब्द ऐनवेळी न सुचणं आणि नंतर आपोआप आठवणं, ही पाळी जाण्याच्या आसपासच्या काळातली नेहमीची तक्रार आहे. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक स्त्रियांना वर्षानुवर्षं तपासत राहिलेल्या एका दीर्घ अभ्यासात असं दिसलं की या संक्रमणाच्या काळात नवीन शिकण्याचा वेग थोडा मंदावतो आणि पाळी पूर्ण थांबून स्थिरावल्यावर तो परत येतो. स्मृतिभ्रंशाचं चित्र असं नसतं. त्यात शब्द नंतरही आठवत नाही, आणि बहुतेक वेळा तक्रार घेऊन येते ती मुलगी किंवा नवरा, स्वतः रुग्ण नव्हे.

अंडाशयात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयापुरतं नसतं. स्मरणाशी संबंधित मेंदूच्या भागांत, आणि मनात एखादी गोष्ट धरून ठेवून दुसरं काम करायला लावणाऱ्या कपाळामागच्या भागात, त्याची ग्राहकस्थानं, म्हणजे हार्मोन जिथे चिकटून काम करतं त्या जागा, आहेत. पाळी जाताना इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही. आज फार वर, पंधरा दिवसांनी फार खाली, असं हेलकावतं. त्यामुळेच या काळात एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) किंवा इस्ट्रोजेनची एकच तपासणी करून काही कळत नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या, पाळी अनियमित आणि घाम फुटणाऱ्या स्त्रीला ती तपासणी लागतच नाही. त्याच पैशात टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि साखर करून घ्या. वीस दिवसांत येणारी पाळी जास्त जात असेल तर लोह उतरलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे रात्रीचा घाम. उष्ण लाटा जितक्या जास्त तितकं शब्दांचं स्मरण कमी, असा संबंध लाटा यंत्राने मोजून केलेल्या अभ्यासात दिसला आहे. रात्री तीनदा उठणाऱ्या कुणालाही दुसऱ्या दिवशी शब्द शोधावे लागतात. म्हणून उपचाराचं पहिलं लक्ष्य घाम आणि झोप.

आता हार्मोनचं. निव्वळ स्मरणशक्तीसाठी ते दिलं जात नाही, आणि त्याला कारण आहे. २००३ साली जाहीर झालेल्या अमेरिकी चाचणीत ६५ वर्षांनंतर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन सुरू केलेल्या स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं. उलट पाळी नुकतीच गेलेल्या स्त्रियांना चार वर्षं हार्मोन देऊन २०१५ साली निष्कर्ष मांडले गेले, त्यात बुद्धीला ना फायदा दिसला ना तोटा. म्हणजे तुमच्या वयात ते घामासाठी दिलं तर मेंदूची भीती बाळगायचं कारण नाही. घाम थांबून झोप लागली की डोकंही बऱ्याच जणींचं मोकळं होतं.

साधारण पद्धत अशी असते. इस्ट्रॅडिऑलचा (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) जेल रोज दंडाला किंवा मांडीला चोळायचा. तो त्वचेतून जात असल्याने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं आणि पुढे कर्करोगाची भीती. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रात्री झोपताना घ्यायचं. ते गुंगी आणतं, सकाळी घेतलं तर काउंटरवर डुलक्या. तुमची पाळी अजून पूर्ण थांबलेली नाही, त्यामुळे ते महिन्यात बारा ते चौदा दिवस दिलं जातं आणि नंतर पाळी येते. जेल लावल्यावर सुकू द्या, तासभर अंघोळ नको, आणि ती जागा नातवंडांच्या अंगाला लागू देऊ नका.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हा मार्ग बंद. मग व्हेनलाफॅक्सिन किंवा रात्रीचं गॅबापेंटिन घामासाठी वापरतात. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत कुणालाही चालते. तिचा गाभा सोपा आणि कठोर आहे: उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच, झोप येईपर्यंत अंथरुणात जायचं नाही, आणि सुमारे वीस मिनिटं जागं राहिलं की उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. पहिले दोन आठवडे त्रास वाढतो, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात.

या प्रश्नाला जोडून एक गोष्ट सांगणं आवश्यक वाटतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड मजूर बायकांची ऐन तिशीत गर्भाशयं काढली गेल्याचा विषय २०१९ साली गाजला, सरकारने समितीही नेमली. त्या चर्चेत मेंदूचा मुद्दा फारसा आला नाही. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. पंचेचाळिशीच्या आत असं झालेल्या स्त्रियांत पुढे बुद्धीची घसरण होण्याचा धोका जास्त आढळतो. अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं हा आज मान्य उपचार आहे. घरात, शेजारी कुणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर कागद शोधा. अंडाशयं ठेवली की काढली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं.

प्रश्न: वय २४, एमपीएससीचा अभ्यास करते. पाळीच्या आधी चार-पाच दिवस वाचलेलं काहीच शिरत नाही. परीक्षेची तारीख नेमकी त्याच दिवसांत येतेय. पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? (पुणे)

‘शिरत नाही’ आणि ‘शिरत नाही असं वाटतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा पाळीच्या चक्रातल्या कोणत्याही टप्प्यावर लक्ष, स्मरण किंवा तर्कशक्तीत ठोस घट सापडली नाही. सापडतं ते दुखणं, सूज, रडू येणं, तुटकी झोप. त्यांच्यामुळे बसवत नाही. मेंदू तोच असतो, आणि परीक्षेला बसताना एवढं ठाऊक असलं तरी बरं.

दोन महिने रोज रात्री वहीत चार आकडे लिहा: झोप किती तास, दुखणं ० ते १०, मूड ० ते १०, अभ्यासाचे प्रत्यक्ष तास. सोबत पाळीचा दिवस. दोन चक्रांत त्रास फक्त पाळीआधीच्या आठवड्यात आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत नाहीसा, असं स्पष्ट दिसलं तर त्याला उपचार आहेत. निराशा इतकी की जगणं नको वाटतं, असं त्या दिवसांत होत असेल तर वही भरत थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्रास महिनाभर सारखाच असेल तर पाळीला दोष देऊ नका. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन करा. हिमोग्लोबिन बारा असूनही फेरिटिन ३०च्या खाली असलेल्या मुली पुष्कळ असतात, आणि थकवा तिथून येतो.

ढकलायच्या गोळीबद्दल. घरात गणपती आले की दरवर्षी हजारो बायका ती मेडिकलमधून थेट आणून घेतात, तसं करू नका. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, पाळी अपेक्षित असण्याच्या तीन दिवस आधीपासून सुरू करायचं असतं. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आदल्या दिवशी सुरू केली तर उपयोग होत नाही आणि अधूनमधून डाग मात्र पडत राहतात. पायात गुठळी झालेली असेल किंवा डोळ्यांपुढे चमक दिसून येणारी अर्धशिशी असेल तर डॉक्टरांशिवाय नकोच. शिवाय तिने पोट फुगणं आणि मूड बिघडणं हेही होऊ शकतं, म्हणजे ज्यापासून पळायचं तेच. पहिल्यांदाच घ्यायची असेल तर परीक्षेच्या महिन्यात प्रयोग नको. तुमचा मुख्य त्रास दुखण्याचा असेल तर मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन जेवणानंतर, दुखणं सुरू होताच घेणं जास्त कामाचं. दुखणं टोकाला गेल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते.

प्रश्न: वडील ६६, मधुमेह पंधरा वर्षं. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज चालू. एकादशीला दुपारी बाराच्या सुमारास विचित्र बोलतात, पैसे मोजताना चुकतात, चिडतात. साखर-पाणी दिलं तरी लवकर फरक पडत नाही. (कोल्हापूर)

हे पत्र आम्ही आधी छापायला हवं होतं. तुमच्या वडिलांची साखर उतरते आहे आणि तुम्ही देताय ते औषध त्यांना लागू पडत नाही.

मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो आणि साखर साठवून ठेवत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली आणि उपवास धरला की अकरा-बारापर्यंत इन्सुलिन भरपूर, साखर कमी. ७०च्या खाली घाम, थरथर, भूक. ५४च्या खाली गोंधळ, चुकीचं बोलणं, हट्ट. वयस्कर माणसांत घाम-थरथर दिसतही नाही, थेट चिडचिड आणि हिशेबातल्या चुका. ब्लडप्रेशरसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी असेल तर धडधडही झाकली जाते.

आता साखर-पाण्याचं कोडं. व्होग्लिबोज आतड्यात साध्या साखरेचं विघटन होऊ देत नाही, तेच तर त्याचं काम. त्यामुळे चहाची साखर, गूळ, पेढा, सरबत सगळं पोटात अडकून राहतं. या गोळीवर असलेल्या माणसाला ग्लुकोजच द्यावं लागतं, कारण त्याचं विघटन करायचंच नसतं. मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडर घरात, गाडीत आणि त्यांच्या खिशात ठेवा. पाकिटावर ‘सुक्रोज’ किंवा नुसतं ‘साखर’ लिहिलेलं एनर्जी ड्रिंक नको, ‘ग्लुकोज’ किंवा ‘डेक्स्ट्रोज’ असं लिहिलेलं बघून घ्या.

वडील पुन्हा तसं विचित्र बोलू लागले की बोटातून साखर तपासा. ग्लुकोमीटर हाताशी नसेल तर तपासायला थांबू नका. पंधरा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे चहाचे तीन चमचे भरून, अर्धा ग्लास पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७०च्या खाली असेल तर तेवढंच परत द्या. वर आल्यावर काहीतरी भरीव खायला हवं. एकादशी असली तरी. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर रेंगाळतो, साखर संध्याकाळी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्या रात्री त्यांना एकट्याने झोपू देऊ नका आणि झोपण्याआधी तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

हे सगळं झालं तात्पुरतं. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा आणि तीन गोष्टी विचारा. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड वगळायचं की अर्धं करायचं? क्रिएटिनिन किती आहे? मूत्रपिंडाचं काम मंदावलं की गोळी शरीरात जास्त वेळ राहते आणि जुनाच डोस जड पडतो. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) किती ठेवायचा? वारंवार साखर उतरणाऱ्या वयस्कर माणसाला साडेसहाचा आकडा मिरवण्यापेक्षा साडेसात सुरक्षित. साबुदाण्याच्या खिचडीने मात्र प्रश्न सुटत नाही, ती साखर भराभर वर नेते. त्यापेक्षा वरीचा भात थोडा, सोबत दाण्याची आमटी आणि ताक. मेटफॉर्मिन पंधरा वर्षं चालू असेल तर बी-१२ नक्की उतरलेलं नाही ना, हेही वर्षातून एकदा बघा. त्यानेही विसरभोळेपणा येतो आणि पायांना मुंग्या येतात. त्या मुंग्या सगळे मधुमेहाच्या खात्यावर टाकतात.

प्रश्न: वय ४४, सॉफ्टवेअरमध्ये. दुपारी मीटिंगमध्ये झोप येते, कोडमध्ये क्षुल्लक चुका. वजन ९६. संध्याकाळी चार वाजता केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन २८०. जिममधल्या प्रशिक्षकाने इंजेक्शन सुचवलं. (हिंजवडी)

चार वाजताचा आकडा धरू नका. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी करा. दोन्ही वेळा ३००च्या खाली आणि सोबत लैंगिक इच्छा कमी, सकाळचा ताठरपणा कमी अशी लक्षणं असतील तरच पुढचा विचार. ६५च्या पुढच्या पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन देऊन २०१७ साली निकाल आला, स्मरणशक्तीत सुधारणा नव्हती. इंजेक्शनने शुक्राणू तयार होणं थांबतं, रक्त घट्ट होतं.

बायकोला विचारा: घोरता का, मधेच श्वास अडकल्यासारखा थांबतो का? ९६ किलो, दुपारची झोप, कमी टेस्टोस्टेरॉन, हे तिन्ही झोपेतल्या श्वासरोधात एकत्र सापडतात. झोपेची चाचणी आता घरीही होते, बोटाला आणि छातीला पट्टे लावून. निघालाच तर रात्री मास्कचं मशीन आणि वजन. वजन दहा टक्क्यांनी उतरलं की टेस्टोस्टेरॉनही पुष्कळदा आपसूक वर येतं. प्रशिक्षकाच्या कपाटातल्या कुपीत काय आहे ते प्रशिक्षकालाही माहीत नसतं.

प्रश्न: ‘ॲड्रिनल फटीग’ची तपासणी आणि सप्लिमेंट असं पॅकेज घ्यावं का? थकवा आहे, डोकं बधिर. मला सांधेदुखीसाठी वैदूच्या पुड्यांनी छान गुण आला होता, त्या संपल्यापासून हे सुरू झालं. (लातूर)

पॅकेज घेऊ नका, आणि पुड्यांबद्दल उद्याच डॉक्टरांना सांगा.

‘ॲड्रिनल फटीग’, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ‘थकल्या’, असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. कॉर्टिसॉल, म्हणजे या ग्रंथींतून येणारं शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्री तळाला असतं. त्यामुळे दुपारी कधीतरी घेतलेल्या रक्तावरून काही सांगता येत नाही, आणि गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर आकडा खोटा वाढतो.

पण तुमच्या बाबतीत खरीच कमतरता असू शकते. सांधेदुखीला दोन दिवसांत जादूसारखा गुण देणाऱ्या अनामिक पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचं वारंवार उघड झालं आहे. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून स्टिरॉइड मिळालं की आपली ॲड्रिनल ग्रंथी काम थांबवते. पुड्या एकदम बंद झाल्या की दोन्हीकडून पुरवठा बंद. मग थकवा, मळमळ, उभं राहिल्यावर चक्कर, डोकं बधिर. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड असतं, तेही महिनोन्महिने भरपूर अंगभर लावलं तर असंच करतं. याचबरोबर हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडल्या असतील, वजन उतरलं असेल, तर ग्रंथीचाच आजार बघावा लागतो. आपल्याकडे त्याचं एक कारण क्षयरोग आहे.

सकाळी आठला सीरम कॉर्टिसॉल, सोबत सोडियम, पोटॅशियम आणि साखर. कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता जवळजवळ नक्की, १८च्या वर आलं तर नाही. मधे आलं तर इंजेक्शन देऊन ग्रंथीला डिवचणारी चाचणी करतात. कमतरता निघाली तर हायड्रोकॉर्टिसोन सुरू होतं, मोठा डोस सकाळी, छोटा दुपारी, आणि ग्रंथी जागी होईल तसतसं काही महिन्यांत उतरवलं जातं. ताप आला की त्या दिवसांपुरता डोस दुप्पट करायचा असतो, हे लिहून घ्या. उलट्या थांबत नसतील किंवा उभं राहवत नसेल तर तपासणीची सकाळ होण्याची वाट बघू नका, रात्रीच रुग्णालयात जा आणि ‘स्टिरॉइड असण्याची शंका असलेल्या पुड्या घेत होतो’ हे दारातच सांगा. एखादी पुडी किंवा रिकामा कागद उरला असेल तर सोबत न्या.